कोंबडीसकट वजन

दादा भिवंडीला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. दिवाळीला तो घरी आला तेव्हा काचेचा एक वजनकाटा घेऊन आला. खोकं फाटलं म्हणून शेठनं त्याला देऊन टाकला होता. काटा साधा नव्हता. अनवाणी उभं राहिलं की वजन तर सांगायचाच, शिवाय अंगात पाणी किती, चरबी किती, हाडं किती जड, असं सगळं माझ्या फोनला कळवायचा. माझ्या, कारण घरात तसा फोन माझाच, कॉलेजसाठी घेतलेला.

दादानं भिवंडीहून आपल्या फोनमध्ये आणलेलं अ‍ॅप माझ्या फोनमध्येही टाकलं आणि आम्हा चौघांची नावं भरली. बाबा, आई, वहिनी आणि मी. शेवटी इंग्रजीत एक लांबलचक पान आलं. ते वाचायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी तीन ओळी वाचल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला कळत नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी 'सहमत' दाबलं.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या पुढे डोंगरात आहे. तिथे फोन लागतो, इंटरनेट लागत नाही. सकाळी एसटी जव्हारच्या जवळ आली की माझ्या पिशवीतला फोन एकदम वाजायला लागायचा. मला वाटायचं, कॉलेजच्या ग्रुपवरचे निरोप असतील.

एका संध्याकाळी दादाचा फोन आला. "घरी कोण आलंय गं, बाय?"

"कोणी नाही."

"मग हे साडेपाच किलोचं कोण? इथे लिहून आलंय, नवीन सदस्य."

मग आठवलं. आदल्या दिवशी आईनं दोन कोंबडे पिशवीत घालून काट्यावर ठेवले होते. मी आईला विचारलं, तर ती चुलीपासूनच ओरडली, "सांग त्याला, तुझे धाकटे भाऊ हायत! जव्हारच्या बाजाराला चाललेत!"

आम्ही इतके हसलो की बाबांना ठसका लागला. पण वहिनी हसता हसता थांबली. "म्हणजे इथे उभं राहिलं की त्यांना तिथे दिसतं?" तिनं हळूच विचारलं.

दिसत होतं. सकाळी एसटीत वाजायचं ते तेच होतं. पाड्यावर मोजलेलं सगळं मी रोज पिशवीत घालून जव्हारला नेत होते आणि तिथून ते दादाच्या फोनवर जात होतं.

वहिनीला दिवस गेले होते. हे फक्त आईला, मला आणि आशाताईंना माहीत होतं. मागच्या खेपेला तिनं दादाला फोनवरच सांगितलं होतं, आणि मग ते राहिलं नाही हेही फोनवरच सांगावं लागलं. या वेळी तिला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, तो होळीला येईल तेव्हा. एवढंच तिनं मागितलं होतं. (हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आता लिही की. आता काय!") आशाताई दिवसभर बोलत असतात, पण उपकेंद्रात वहिनीचं वजन करून कार्डावर लिहिल्यावर त्या कुणाकडे चकार शब्द काढत नाहीत. काट्याला ते कोण शिकवणार?

आणि वहिनी त्या काट्यावर रोज उभी राहायची. आकडा थोडा जरी वर गेला की तिला हुरूप यायचा.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत ते इंग्रजी पान उघडून बसले. डिक्शनरी घेऊन दोन तास वाचलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं, "यात लिहिलंय की ही माहिती ते त्यांच्या भागीदारांना देऊ शकतात."

"भागीदार म्हणजे कोण?"

"मला माहीत नाही."

"आणि त्यांना हो कोण म्हणालं?"

"मी."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मला वाचून दाखव. मला कळो न कळो."

तेवढ्यात दादाचा फोन. "बाय, तुझी वहिनी दोन किलोनं वाढली! काय चारता तिला?" वहिनी माझ्यासमोर जोरजोरात मान हलवत होती. "नाचणीची भाकरी," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर आम्ही तिघी विचार करत बसलो. वहिनीनं काट्यावर उभं राहायचं थांबवलं, तर का थांबवलं असं दादा विचारणार. होळीला अजून महिना होता. मग आई म्हणाली, "एकटीच वाढली म्हणून दिसते. सगळेच वाढू या."

आमच्याकडे बरोबर दोन किलोची एक कोंबडी होती. आई तिला काखेत धरून काट्यावर चढली. मग मी. कोंबडी माझ्या वेणीला चोच मारत होती आणि मी हलले की काटा पुन्हा शून्यावर जायचा. वहिनी भिंतीला टेकून पोट धरून हसत होती आणि आई तिला दटावत होती, "हळू हस गं, हळू!" बाबांना खरं सांगणं शक्य नव्हतं, त्यांनी पहिल्याच फोनवर दादाला सांगितलं असतं. आईनं त्यांना सांगितलं, काटा नीट चालायचा तर कोंबडी घेऊन चढावं लागतं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मोठी का बारकी?"

"आणि ते भागीदार?" मी विचारलं.

"त्यांना पण कोंबडीच दाखव," आई म्हणाली.

आठवडाभर हे चाललं. मला वाटलं, जमलं. मग दादाचा फोन आला. "सगळ्यांच्या नावापुढे लाल खूण आलीय. बाबा, आई, तू, सगळे एकदम वाढलेत. बाय, तुम्हाला सूज आलीय का? विहिरीच्या पाण्यात काही पडलंय का?"

"नाही दादा, आम्ही... म्हणजे, बरे आहोत."

"मला नको सांगू. मी शेठला बोललो. उद्या येतो, सगळ्यांना जव्हारला चेकअपला नेतो. टेन्शन नाय घ्यायचं!"

टेन्शन तोच घेत होता. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, हसूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. खांद्यावर बाटलीबंद पाण्याचं खोकं. चप्पलही न काढता त्यानं बाबांना ओट्यावर बसवलं आणि त्यांचा पाय अंगठ्यानं दाबून पाहिला. "दुखतं का?"

"तू दाबलास म्हणून दुखतंय."

"माझे बी दाब," आईनं पाय पुढे केले, "सकाळपासून चुलीला फाटी आणतेय." त्यानं खरंच दाबले. आई तशीच काटकुळी होती. तो गोंधळून गेला. मग तो वहिनीकडे वळला आणि खाली वाकला.

वहिनीनं पाय मागे घेतले. "माझं मी सांगते," ती म्हणाली. "मागं चला."

ती पुढे आणि तो मागे, असे ते पेंढ्याच्या उडवीमागे गेले. "काय झालं तिला?" म्हणत बाबाही निघाले, तर आईनं त्यांचा सदरा धरला.

तिथून बोलणं ओट्यावर ऐकू येतं. मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "किंमत वाढली की मागणी कमी होते..."

"आता मधेच हे काय?" बाबा म्हणाले.

"परीक्षा आहे."

उडवीमागून दादाचा आवाज आला, अर्धा ओरडल्यासारखा, अर्धा हसल्यासारखा. मी पान उलटलं आणि आणखी मोठ्यानं वाचू लागले.