मुनुसामीने बांधलेला दोर

त्या उन्हाळ्यात मी नायब सुभेदार होतो आणि आमची इंजिनिअर्सची कंपनी मद्रासच्या छावणीत होती. पाऊस सलग दोन वर्षं चुकला होता. शहराचे तलाव आटले, तेव्हा मुलकी प्रशासनाने फौजेची मदत मागितली. अड्यार नदीकाठच्या एका वस्तीतली जुनी विहीर उपसून खोल करायचं काम माझ्या सेक्शनला मिळालं. बारा जवान, एक डिझेल पंप, एक रेडिओ सेट. मुदत दहा दिवस.

मी मद्रासच्याच वेस्ट मांबलमचा. आमच्या घरात तंजावरची मराठी, दाराबाहेर तमिळ आणि फौजेत हिंदी. त्यामुळे वस्तीशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

वस्तीत एक हातपंप होता. परदेशी मदतीतून आलेला, हिरव्या रंगाचा. वर्षभरात त्याचा एक वॉशर फाटला. तसा वॉशर मद्रासेत मिळत नव्हता, आणि जिथून पंप आला तिथे पत्र कोणी लिहायचं हे ठरलेलं नव्हतं. बायका पहाटेपासून मोठ्या रस्त्यावरच्या नळाला रांग लावत.

पहिल्याच दिवशी मी वीज मंडळाच्या तिथल्या इंजिनिअरकडे विजेची लाइन मागितली. विजेचा पंप असता तर काम सोपं होतं. माणूस चांगला होता. त्याने नकाशा उघडून दाखवला. कागदावर तिथे मोकळी जमीन होती. जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद नाही म्हणून वीज नाही, आणि पाण्याची पाइपलाइनही त्याच कारणाने नाही.

विहीर चाळीस फूट खोल. इतक्या खालचं पाणी वरून ओढणं पंपाला जमत नव्हतं, म्हणून आम्ही विहिरीच्या मध्यावर फळ्यांचं मचाण बांधलं आणि पंप त्यावर उतरवला. इंजिनाचा धूर होजपाइपने वर काढला. माझा हुकूम होता की इंजिन चालू असताना कोणी आत उतरायचं नाही. बंद झाल्यावर अर्धा तास थांबायचं, कंदील खाली सोडायचा आणि मगच माणूस.

मुनुसामी आम्हाला तिसऱ्या दिवशी भेटला. चाळिशीचा, विहिरी खोदणारा, त्याच वस्तीतला. मातीचा रंग बघून कुठे खणायचं ते सांगायचा. त्याची बायको पोन्नी जवानांना ताक आणून द्यायची. पाण्यासाठी रांग लावावी लागत असताना ताक कसलं करता, असं मी एकदा म्हणालो. ती नुसती हसली.

सातव्या दिवशी सकाळी १०.१० ला इंजिन आपोआप बंद पडलं. अर्धा तास थांबलो. कंदील तळापर्यंत सोडला. नीट जळत होता. १०.४५ ला नाईक सेल्वराज खाली उतरला. पंपाच्या पाइपच्या तळाकडच्या जाळीत गाळ अडकला होता. तिथवर पोहोचायला दोर अपुरा पडला, म्हणून त्याने कमरेचा दोर सोडला. दोन मिनिटांनी वरती आवाज आला, "साहेब, डोकं गरगरतंय." मग तो भिंतीला टेकून गुडघाभर पाण्यात खाली बसला.

होजपाइपचा जोड इंजिनाच्या हादऱ्याने सैल झाला होता. धूर आतच साठत होता. त्यातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. हे सगळं नंतर समजलं.

मी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मुनुसामीने तोवर स्वतःच्या कमरेला लांब दोर बांधला होता. माझा हुकूम त्याला लागू नव्हता. तो उतरला.

"जीव आहे, सार," तो खालून म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ओढा."

आम्ही ओढलं. वर आला तो सेल्वराज. मुनुसामीने स्वतःचा दोर सोडून त्याच्या काखेखालून बांधला होता.

लगेच दुसरा दोर टाकला, टोकाला फास करून. तो मुनुसामीच्या खांद्यावर पडला. मी त्याला हात घालायला ओरडून सांगत होतो. त्याने वर पाहिलं. हात उचलला, पण तो दोरापर्यंत गेला नाही.

दोन जवान तोंडाला ओलं फडकं बांधून काठावर चढले. मी त्यांच्या आडवा उभा राहिलो.

"कोणीही उतरायचं नाही. हा हुकूम आहे."

रेडिओवर छावणी होती. मी हवेच्या टाक्यांचे ब्रीदिंग सेट तातडीने मागितले. उत्तर आलं, "चाळीस मिनिटं. ओव्हर."

पोन्नी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"सार, तुमचा माणूस वर आला," ती म्हणाली. "आता माझ्या माणसाला काढा."

मी घड्याळाकडे पाहिलं.

गाडी ११.३५ ला आली. वस्तीच्या बोळात ती शिरेना. जवान सेट खांद्यावर घेऊन तीनशे पावलं धावले. मुनुसामीला ११.४८ ला वर काढलं. गाडीतून आलेल्या डॉक्टरांना तपासायला फार वेळ लागला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने माझा हुकूम योग्य ठरवला. पुढे मी रिक्रूटांना तोच शिकवला, आजही तोच शिकवेन. वायूने भरलेल्या विहिरीत एकामागून एक पाच माणसं गेल्याचं मी ऐकलं आहे.

तीन आठवड्यांनी वस्तीत विजेचे खांब आले. नकाशा तोच, जमीन तीच. इंजिनिअर स्वतः सांगायला आला आणि चहा न घेता गेला. विहिरीला चांगलं पाणी लागलं होतं, पण कोणी भरेना. शेवटी पहिली घागर पोन्नीने ओढली.

आमच्या स्मारकावर मुनुसामीचं नाव नाही. तो फौजी नव्हता.

सेल्वराज वाचला. दर वर्षी तो पोन्नीकडे जातो. एकदा मीही सोबत गेलो. तिने सेल्वराजला विचारलं, खाली तो काय बोलला? सेल्वराज बेशुद्ध होता, त्याला काही आठवत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आधी 'जीव आहे, सार' म्हणाला, मग 'ओढा' म्हणाला.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही, अम्मा."

त्यानंतर तो काहीतरी बोलला होता. दोनतीन शब्द असतील. नेमका त्याच वेळी मी काठावर उभा राहून मोठ्या आवाजात हुकूम देत होतो. मला ते ऐकू आले नाहीत.