गिरणीवाल्या काकांचा श्वास

व्हेंटिलेटर लावणं त्या मानानं सोपं, काढणं अवघड. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी काम करते आणि माझं संशोधन या काढण्याचंच आहे. यंत्राचा जोर हळूहळू कमी करायचा, माणूस स्वतःच्या बळावर श्वास घेतोय का बघायचं, आणि त्या वेळी छातीखालचा श्वासाचा स्नायू किती हलतो ते सोनोग्राफीवर मोजायचं. सांगताना कोरडं वाटतं, पण या कामानं मला फार मोठी माणसं भेटवली.

त्यातलेच एक शाहूवाडीकडचे काका. सगळी हयात भाताची गिरणी चालवण्यात गेलेली. न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं धरली, म्हणून घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. ते शुद्धीत नव्हते, तेव्हा संशोधनात घ्यायला त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, होकार दिला होता.

पुढं ताप उतरला. एक्स-रे निवळला. स्नायूही झकास हलत होता. तरी यंत्राचा जोर कमी केला की काका डोळे विस्फारायचे, धापा टाकायचे, नळीकडे हात न्यायचे. सिस्टर त्यांचा हात धरून म्हणायची, "काका, घाबरू नका, आम्ही इथंच आहोत." काही उपयोग व्हायचा नाही. पुन्हा जोर वाढवावा लागायचा. रोज हेच. शेवटी गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवायचं ठरलं, आणि ते सांगायला मी बाहेर काकूंकडे गेले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं. मग पिशवीतून एक छोटी डबी काढली.

"बाई, ह्ये तुमच्याकडं ठिवता का? गर्दीत माझ्याकडनं हरवायचं. लेकीनं हौसेनं आणलंय."

डबीत कानाचं यंत्र होतं.

"काकांचं?"

"व्हय. गिरणीच्या आवाजानं कान गेल्यात त्यांचं. ह्याच्याबिगर काय बी ऐकू येत न्हाय."

दाखल करताना घाईत अंगावरच्या वस्तू काढून नातेवाइकांच्या हातात देतात, तसंच तेही काकूंकडे आलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर काका आले. अचानक श्वास जड होतोय, भोवती मास्क लावलेली अनोळखी माणसं वाकून काहीतरी करताहेत, आणि कुणाचा शब्दही कानावर येत नाही. ओठ बघून ओळखावं, तर ओठही झाकलेले. कोण घाबरणार नाही?

मी तशीच आमच्या वरिष्ठ सरांकडे गेले. त्यांनी डबी उघडून बघितली आणि म्हणाले, "छेद नको आज. काकूंना आत घेऊन या."

काकूंनी यंत्र काकांच्या कानात बसवलं. ते चीं करून ओरडलं आणि काकांची मान वळली.

"आवो, मी हाय," काकू म्हणाल्या. विभागातले सगळे वळून बघू लागले एवढ्या मोठ्यानं. "ह्या बाई यंत्र जरा बारीक करत्यात. जड वाटंल. घाबरू नगासा. पोतं उचलताना दम घेता की, तसा घ्या."

मी जोर कमी केला. काकांचे डोळे पुन्हा मोठे झाले. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू बोलतच राहिल्या, गिरणीचं, म्हशीचं, लेकीच्या फोनचं. श्वास आधी भरभर होता, मग संथ झाला. सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू लयीत हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. घोगऱ्या आवाजात काका पहिलं काय बोलले असतील? "च्या हाय का?" सिस्टर हसता हसता रडली.

आता आमच्याकडे माणूस दाखल झाला की चष्मा आणि कानाचं यंत्र यांची चौकशी आधी होते.

काही महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेले. माणूस शुद्धीवर आला की संशोधनासाठी त्याची स्वतःची परवानगी घ्यावी लागते, आणि काकांची राहिली होती. काका कानात यंत्र घालून अंगणात बसले होते. आवाज अजून बसलेला, पण रंग परतला होता.

मी म्हटलं, "तुमच्या श्वासाची मोजमापं आमच्या अभ्यासात आहेत. तेव्हा काकूंनी हो म्हटलं होतं. तुम्हाला नको असेल तर काढून टाकते."

"एवढं इचाराय कोल्हापुरातनं आलासा?"

"हो."

ते काकूंकडे बघून हसले. "ऱ्हाऊ द्या की. माझं काम झालं. दुसऱ्या कुणाला तर उपेग हुईल."

शिकत होते तेव्हा वाटायचं की संशोधन आपण करतो. खरं म्हणजे जिवाच्या आकांतात असलेली घरं अनोळखी माणसाला हो म्हणतात, म्हणून ते होतं. हे मी काकांना सांगायला लागले, तोवर काकूंनी गरम भात वाढलेलं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"बोलणं मागनं. आधी जेवा."