ज्येष्ठ अभ्यासक अंगदरावांची शरणागती

अंगदराव शेळके शेंद्र्याच्या एका कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कंपनीनं त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरच्यांना अंगदराव दिले, दिवसभरासाठी. वडिलांची मेंढरं ज्या माळावर चरायची त्याच माळावर ती कंपनी उभी राहिलेली. त्यामुळं आपलं अख्खं आयुष्य एका माळावर गेलं, बापानं तिथं मेंढरं हाकली आणि आपण नटबोल्ट मोजले, असं ते स्वतःच सांगायचे. सांगताना चेहरा असा करायचे, जणू यात फार मोठं समाजशास्त्र आहे.

गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा दिवस कानात इअरफोन घालून सुरू व्हायचा. मोबाइलवर तासन्‌तास चालणाऱ्या मुलाखती, परिसंवाद, चर्चा. राजकारण, इतिहास, संस्कृती, काही वर्ज्य नव्हतं. दोन विद्वान समोरासमोर बसलेत, मधे पाण्याचे ग्लास आहेत आणि एक जण म्हणतोय, ‘याच्याकडे आपण जरा वेगळ्या कोनातून पाहू,’ हे ऐकलं की अंगदरावांना लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटायचं. हळूहळू तो कोन त्यांच्याही बोलण्यात शिरला. मेथी निवडून द्या म्हणून आशाबाईंनी जुडी पुढ्यात टाकली, तर म्हणाले, “याच्याकडं दोन अंगांनी बघावं लागंल.”

“एकाच अंगानं बघा,” आशाबाई म्हणाल्या. “देठाच्या.”

शहरात कुठंही व्याख्यान असलं की अंगदराव दुसऱ्या रांगेत हजर. पहिली रांग पाहुण्यांची. एक ना एक दिवस तिथं आपल्या नावाची चिठ्ठी लागेल, हा विचार त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. पण पहिल्या रांगेतली खुर्ची ते जरा जास्त वेळ बघत, हे आशाबाईंच्या लक्षात आलं होतं. भाषण संपलं की अंगदराव प्रश्न विचारायला उठायचे. प्रश्न यादवांपासून सुरू व्हायचा, निजामापाशी दम घ्यायचा आणि पाणीपुरवठ्यापर्यंत यायचा. तोवर वक्त्यानं शाल घडी करून पिशवीत ठेवलेली असायची. प्रश्न नेमका काय होता हे खाली बसल्यावर अंगदरावांनाही सांगता यायचं नाही. टाळ्या मात्र पडायच्या. त्या प्रश्न संपल्याच्या आनंदाच्या होत्या, हे त्यांना बरंच उशिरा कळलं.

अशाच एका व्याख्यानात सुदर्शननं त्यांना हेरलं. सुदर्शन तिशीतला पोरगा. गारखेड्यातच मोबाइलच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याचं यूट्यूब चॅनेल चालायचं. भिंतीला निळा पडदा, तीन खुर्च्या, एक टेबल. त्यानं फोन केला, “काका, शनिवारी चर्चेला या ना. एक पाहुणे ऐनवेळी गळाले.”

“विषय काय हाय?”

“विषय सांगतो मी. तुमचा आवाज लई भारी आहे, काका.”

आवाजाच्या जागी ‘विचार’ हा शब्द आला असता तर बरं झालं असतं, असं अंगदरावांना वाटलं. पण हे वाटायला त्यांनी पुरतं अर्धं मिनिटही घेतलं नाही आणि ‘येतो’ म्हणून टाकलं.

कार्यक्रम घरच्या टीव्हीवर लावून आशाबाईंनी बघितला. अंगदरावांच्या छातीखाली पट्टी आली: ज्येष्ठ इतिहास अभ्यासक. आशाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी एवढंच विचारलं, “अभ्यास कधी झाला म्हणं? मी माहेरी गेले व्हते का?”

अंगदरावांनी आमटी वाढून घेतली. दहावीला इतिहासात ते काठावर पास झाले होते. पण पट्टीचा गुण असा, की ती चार वेळा बघितली की माणसाचा स्वतःवरच विश्वास बसतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते हुर्ड्याच्या पार्ट्यांमुळं संस्कृती टिकते का बुडते यावर बोलले, बोलीभाषेच्या भवितव्यावर बोलले आणि एकदा तर परराष्ट्र धोरणावरही बोलले. कोणती बाजू मांडायची ते सुदर्शन खाली जिन्यातच सांगायचा. रिकामी असेल ती बाजू अंगदरावांची. सोसायटीतले लोक ‘काय विचारवंत’ म्हणून हाक मारायला लागले. त्यातली चेष्टा त्यांना कळायची, तरी ते ओ द्यायचे.

मग त्या कमानीची चर्चा आली.

जुन्या शहरात एका गल्लीच्या तोंडाशी दगडी कमान होती. नामांकित दरवाजांमध्ये तिची गणती नव्हती, तिला धड नावही नव्हतं. रस्ता रुंद करायला ती पाडायची का ठेवायची, यावर चार दिवस शहर तापलं होतं. सुदर्शननं अंगदरावांना ‘ठेवा’ची बाजू दिली. समोर ‘पाडा’च्या बाजूला तात्यासाहेब. हे हर्सूलकडचे बागायतदार, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पांढऱ्या मिश्या, बोलणं थंड. सुदर्शन जिन्यात म्हणाला, “काका, आज जरा पेटवा. मागच्या वेळी तुम्ही फार समजुतीनं बोलले, लोकं अर्ध्यातून उठून गेले.”

अंगदरावांनी पेटवलं. दगड बोलतात म्हणाले. ही कमान म्हणजे आपल्या पूर्वजांचा हुंकार आहे म्हणाले. टेबलावर हात आपटला, ग्लास हलला. सुदर्शनच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. हुंकार हा शब्द आपल्याला नेमक्या वेळी कसा सापडला, याचं अंगदरावांनाही कौतुक वाटत होतं.

तात्यासाहेब सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “शेळके, एक सांगा. त्या गल्लीत आत तुमचं घर आहे. वहिनींच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्स कमानीशी अडकली. तुम्ही पूर्वजांचा हुंकार ऐकणार, का वहिनींचा?”

इथं खरं तर ‘हा भावनिक मुद्दा झाला’ असं म्हणायचं असतं. अंगदरावांनी ते शेकडो चर्चांत ऐकलं होतं. तोंडही उघडलं. पण डोळ्यांपुढं आशाबाई आल्या, पलंगावर बसून घाम पुसणाऱ्या. आणि त्यांच्या तोंडून निघालं, “व्हय. तुमचं बराबर हाय.”

सुदर्शन कागदांत बघायला लागला. “म्हणजे काका, तुम्हाला म्हणायचंय की…”

“काही म्हणायचं नाय. ह्यांचं बराबर हाय. मी काही एवढा विचार केला नव्हता.”

चर्चेची बावीसेक मिनिटं अजून बाकी होती. तात्यासाहेबांनी सगळी तयारी विरोधाला धरून केलेली. शेवटी सुदर्शननं हवामानाचा विषय काढला.

त्या क्षणाचा तुकडा दोन दिवसांत शहरभर फिरला. कुणी त्याला बँडबाजा जोडला, कुणी खाली लिहिलं, ‘नवऱ्याला असं बोलायला शिकवा.’ अंगदराव भाजी आणायला गेले की ओळखीचा माणूस दुरूनच म्हणायचा, “तुमचं बराबर हाय.” सुदर्शनचे फोन यायचे बंद झाले ते झालेच. अंगदरावांनी तो तुकडा एकट्यानं चारपाच वेळा पाहिला. आधी अंगावर काटा यायचा. मग एकदा हात आपटणारा तो माणूस बघून त्यांना हसू आलं. हुंकार म्हणे. बापाला सांगितलं असतं तर बाप म्हणाला असता, पडसं झालंय का.

आशाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी न मागता कडक चहा करून दिला आणि म्हणाल्या, “पैल्यांदा काहीतरी नीट बोललात.”

पुढच्या रविवारी दाराची बेल वाजली. दारात तात्यासाहेब, हातात पेरूंची पिशवी. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “शेळके, तुम्ही माझी पंचाईत केली. तुम्ही मान्य केल्यापासून मला शंका यायला लागली. कमान खरंच पाडावी का हो?”

“आता? तुम्हीच तर मला पटवलं.”

“तेच म्हणतो. तुम्ही भांडला असता तर माझी खात्री टिकली असती. आता वाटतंय, एवढी वर्षं उभी आहे, तर तिला वळसा घालून रस्ता काढता येईल.”

“आन्‌ अॅम्ब्युलन्स?”

दोघंही इरेला पेटले, बाजू बदलून. आशाबाई पेरू चिरता चिरता ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “ती कमान हाय तरी केवढी?”

अंगदरावांनी तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेबांनी पेरूकडं. चर्चेसाठी सुदर्शननं दोघांना एकच फोटो पाठवला होता, आणि दोघंही तेवढ्यावरच बोलले होते.

तिघं रिक्षानं गेले. गल्लीच्या तोंडाशी उतरून दोन्ही तज्ज्ञ इकडं तिकडं शोधत राहिले. अंगदरावांनी एका केळीवाल्याला विचारलं, “भाई, वो पुरानी कमान किधर है?”

“उसीच के नीचे खड़े हो, चचा. जरा बाजू होव, गिऱ्हाईक आ रा.”

अंगदरावांनी मान वर केली. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं अख्खी कमान झाकली होती. फ्लेक्सच्या फाटक्या कोपऱ्यातून काळा दगड दिसत होता आणि त्यात पिंपळाचं रोप. आशाबाईंनी त्या दगडावर हात ठेवला. “गार हाय,” म्हणाल्या. दोन्ही अभ्यासकांनीही हात लावून बघितला. गार होता.

कमान अजून उभी आहे. कुणाच्या मुद्द्यामुळं नव्हे. निवडणूक लागली, आचारसंहिता आली आणि रस्त्याचं काम मागं पडलं. तात्यासाहेब रविवारी येतात. चर्चा होते, कधी कधी बाजू चहाच्या दुसऱ्या कपाला बदलतात. कुणी नवीन माणूस बसला आणि ‘तुमच्या दोघांत कोण जिंकलं’ म्हणून विचारलं, की अंगदराव म्हणतात, “मी हरलो. पण ह्यांना ते मान्य नाय.”