रजिस्टरमधला सहावा रकाना

शांतिसेनेच्या कामासाठी आमची कंपनी आफ्रिकेतल्या एका देशात गेली, तेव्हा मी हवालदार होतो. देशाचं नाव लिहीत नाही. कंपनीत परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघंच. मी बोरीचा, नाईक दत्ता सोनपेठचा. माझ्याकडे मेन गेट होतं. कॅम्पात कामाला येणारे एकतीस स्थानिक लोक सकाळी सहाला आत येत, संध्याकाळी पाचला बाहेर पडत. त्यांचं रजिस्टर मी ठेवत असे.

आधीच्या तुकडीच्या रजिस्टरला पाच रकाने होते. एकाच नावाची तीन-तीन माणसं निघत, म्हणून मी सहावा आखला. जमात. तसा हुकूम कुणी दिला नव्हता. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर इमॅन्युएल मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "चीफ, माझ्यापुढे ते नको लिहू. गाव लिही."

"रकाना सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

दत्ता शेजारी उभा होता. "उस्ताद, लय बारीक लिवायलाव. आता टँकरची बी जात लिवा."

मी त्याला गप्प केलं आणि रकाना भरला. रजिस्टरची झेरॉक्स दर शनिवारी तिथल्या पोलीस चौकीला जाई. तो नियम जुना होता.

पाचव्या महिन्यात विरोधी पक्षाच्या नेत्याला भर सभेत गोळ्या घातल्या. बाजार बंद झाला, रोज कुठेतरी घरं जळू लागली. नऊ दिवसांनी गृहमंत्री मारला गेला, स्वतःच्या दारात. दोघं दोन जमातींचे. मारणारे कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. लोक तेवढं थांबले नाहीत. पोलिसांत मंत्र्याच्या जमातीचा भरणा होता. इमॅन्युएल नेत्याच्या जमातीचा.

मंत्र्याची बातमी वायरलेसवर ०८२५ ला आली. मी रजिस्टर उघडलं. नेत्याच्या जमातीचे बारा. अकरा कॅम्पात होते. इमॅन्युएल ०७१० ला टँकर घेऊन नदीवर गेला होता. एस्कॉर्टला दत्ता आणि दोन जवान.

०८३१ ला सेटवर दत्ता आला.

"उस्ताद, रस्त्यात बॅरियर लागलंय. पोलीस हायत, संगं पन्नासेक माणसं. ओव्हर."

"काय म्हणतात? ओव्हर."

"डायवरला उतरवा म्हणायलेत. त्यांच्याकडं यादी हाय. ओव्हर."

"कसली यादी?"



"आपलीच हाय, उस्ताद. तुमचं अक्षर हाय."

मी म्हणालो, "त्याला देऊ नका. तातडीची तुकडी निघतेय. बारा मिनिटं धरा. ओव्हर."

"न्हाई देत. तुमी या लवकर. आउट."

तुकडीबरोबर मी गेलो. पुलावर झाडं तोडून टाकली होती. बारा मिनिटांची सतरा झाली. पोचलो तेव्हा रस्ता रिकामा होता. टँकरला सात भोकं पडली होती आणि पाणी वाहत होतं. दोन्ही जवान जखमी होते, ते वाचले. दत्ता केबिनच्या दाराला पाठ लावून बसलेला. जीव नव्हता. त्याच्या मागे, केबिनमध्ये, इमॅन्युएल. तोही गेलेला. दोघांनाही दोन-दोनच गोळ्या.

उरलेल्या अकरांना आम्ही कॅम्पातच ठेवलं. चौकशीत मी सहाव्या रकान्याचं सगळं सांगितलं. तोंडी ताकीद मिळाली. अहवालात रकान्याबद्दल एक ओळही नव्हती.

टूर संपल्यावर पहिल्या सुट्टीत मी सोनपेठला गेलो. दत्ताच्या वडिलांना, तात्यांना, रकान्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चहा झाला. कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "त्या डायवरला लेकरं होती का?"

"तीन."

"दत्ताला घेऊन सायेब लोक आले, बंदुका वाजविल्या, गाव जमलं. त्या डायवरच्या घरी कोण गेलं सांगायला?"

"कुणी नाही, तात्या. तिकडचा रस्ताच बंद होता."

ते मी खोटं बोललो. रस्ता तिसऱ्या आठवड्यात खुला झाला होता. त्याचं घर कॅम्पापासून चौदा किलोमीटरवर होतं. आम्ही तिथे आणखी चार महिने होतो.