निळा थर

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या शेडमध्ये ते प्लॅस्टरच्या धुळीसारखे साठतात; घरी येऊन कोट झटकला की एखादा निघतोच. ही शेड लंडनला, हाउन्सलोत, विमानांच्या अगदी वाटेखाली. तिथे तीन शिल्पकार काम करतात आणि मी त्यांची शिल्पं पेट्यांत पॅक करते. आधी विमानतळावर कार्गोत होते, त्यामुळे पॅकिंग तेवढं येतं. डोक्यावरून विमान जायला लागलं की बोलणारा थांबतो, ठोकणाराही थांबतो, आणि ते गेलं की वाक्य पुढे सुरू होतं. आमच्याकडे कुठलाच किस्सा सलग ऐकायला मिळत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला. जीन ही आमच्यात सर्वांत मोठी, सत्तरी ओलांडलेली. तिने मातीचा घोडा केला होता आणि शुक्रवारी जाताना त्यावर ओली फडकी टाकून वरून कचऱ्याची बिन बॅग बांधली होती. मला वाटलं, बाई विसरली. मी कोल्हापूरची, ओलं दिसलं की वाळत घालायचं एवढंच मला कळतं. मी फडकी काढून हीटरवर टाकली आणि घोडा मोकळा ठेवला. सोमवारी येऊन बघते तर त्याचा एक कान तडकून खाली!

आता आपली नोकरी गेली, असं मी धरूनच चालले होते. जीनने कान उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "असू दे. तसाही तो माझं काही ऐकत नव्हता."

त्या दिवसापासून शेडमधल्या सगळ्या मातीवर संध्याकाळी पाणी मारून फडकी ओली ठेवायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षा म्हणून की विश्वासाने, ते मला अजून कळलेलं नाही.

*

ओवेन वेल्सचा. काम संगमरवराचं, पण छिन्नी क्वचितच हातात धरतो. लहानसा नमुना करायचा, तो स्कॅन करायचा, फाइल पाठवून द्यायची. मग कुठेतरी रोबोचा हात दगड कोरतो. जीन त्याला रोज विचारते, आज काय कोरलंस, ईमेल?

पण दगड परत आला की हाच ओवेन तीन-तीन आठवडे कानस घेऊन बसतो. गुळगुळीत पाठीवर इथे जरा खोलगट करतो, तिथे जरा वाकडं. एकदा एका गिऱ्हाइकाने तोंडावरच विचारलं, हे हाताने केलंय की मशीनने? ओवेन म्हणाला, "मशीनने. चुका तेवढ्या हाताने केल्यात."

गिऱ्हाइकाने ते घेतलं. पॅक करताना मी त्यावरून हात फिरवून पाहिला. मशीनच्या कामावरून तो घसरत होता आणि ओवेनच्या चुकांवर थांबत होता. तेव्हापासून मी त्याला चिडवणं सोडलं.

*

मातीवरून प्लॅस्टरचं शिल्प काढायची एक जुनी रीत जीनने आम्हाला शिकवली. मातीवर प्लॅस्टरचा साचा चढवायचा, मग आतली माती उकरून काढायची. माती गेली ती गेलीच. रिकाम्या साच्यात पुन्हा प्लॅस्टर ओतायचं आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा बोथट छिन्नीने टवके उडवत फोडायचा. म्हणून साच्याच्या अगदी आतल्या थरात निळा रंग घालतात. निळं दिसलं की समजायचं, शिल्प आलं, हात आवर.

आणखी एक नियम जीनचा स्वतःचा: ज्याचं शिल्प त्याने साचा फोडायचा नाही. त्याला फार घाई असते म्हणे.

साचा फोडायची वेळ पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा दिवसभरात मी तळहाताएवढा साचा फोडला. जीनने चहा ठेवता ठेवता विचारलं, "फोडते आहेस की त्याची समजूत काढते आहेस?"

*

तिसरी केतकी, एजवेअरची, जन्मापासून इथलीच. तिचे बाबा हाडांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. तिच्या पहिल्या प्रदर्शनात काका हात मागे बांधून सगळं फिरले, छान आहे म्हणाले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान आहे गं, पण ही दिवसभर करते काय?"

केतकीने ते ऐकलं. ती हसली, पण पुढच्या प्रदर्शनाला तिने फक्त आईला बोलावलं.

*

तीच आई आजारी पडली. केतकी दर रविवारी एजवेअरला माती घेऊन जायची आणि आईला समोर बसवून तिचा चेहरा करायची. वसंतात काकू गेल्या. चेहरा शेडमध्ये आला आणि दोन महिने तसाच फडक्याखाली राहिला. रोज संध्याकाळी मी त्यावर पाणी मारायचे आणि मला रडू यायचं.

माती खचायला लागली तेव्हा केतकीने एकदाची साच्याला सुरुवात केली. माती उकरली, प्लॅस्टर ओतलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळली. "ताई, मी निळा टाकलाच नाही."

पांढऱ्यात पांढरं. आता आई कुठे सुरू होते ते कळायला मार्ग नव्हता, आणि दुसरी प्रत नव्हती. ओवेन नाही म्हणाला. जीनने थरथरणारे हात पुढे करून दाखवले. माझी तर हिंमतच नव्हती.

केतकीने घरी फोन केला. तासाभराने काका आले. कोट काढला, एकेका छिन्नीची धार बोटावर पाहिली. "यातली सगळ्यात बोथट दे," ते मला म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग हलकेच ठोकायला लागले. प्रत्येक ठोक्यानंतर कान देत होते. विमान आलं की हात खाली ठेवत होते. "आवाज बदलतो," ते म्हणाले, "हाडातही बदलतो." हनुवटी निघाली, गाल निघाले. काका डाव्या भुवईशी पोचले तशी केतकी पुढे झाली. "बाबा, इथे हळू. इथे एक बारीक रेघ आहे."

"माहीत आहे. ते तीन टाके माझेच आहेत."

भुवई निघाली, रेघेसकट. काकांनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी मला विचारलं, "हिला अजून ओलं फडकं लागतं का गं?"

"नाही काका, आता नाही लागत."

त्यांनी तरीही फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, आणि कपाळावरची धूळ पुसायला लागले.