शस्त्रपूजेतला सुरा

माझ्या संग्रहातील शिकारीचा सुरा पोलिसांनी घोटीच्या नाक्यावर जप्त केला, तेव्हा मी त्यांना तिथेच कायदा ऐकवला. पाते सात इंचांचे, कायद्याची मर्यादा नऊ इंचांची. तरीही हवालदार म्हणाले, "शिकारीचा म्हणता, मग हत्यारच झालं ना, साहेब." मी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली. उत्तर एकाचेही नाही. जप्त हत्यारे वितळवतात, एवढे मात्र कानावर आले.

तसा सुरा पुन्हा मिळणार नव्हता. भद्रकालीतल्या ज्या शिकलगार चाचांनी तो घडवला, त्यांच्या वडिलांचे सुरे हरसूलच्या रानात जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या कमरेला असत. मालमोटारीच्या पाट्याचे पोलाद, शिसवी मूठ आणि पात्यावर ठोकलेली चंद्रकोर, ही त्या घराची खूण. सत्तरच्या दशकात शिकारबंदी आली आणि चाचा निफाडच्या मळेवाल्यांना द्राक्षवेलींच्या कात्र्या करून देऊ लागले. माझा सुरा त्यांच्या हातचा शेवटचा.

खंडेनवमीला चाचांना साक्षीदार म्हणून घेऊन मी ठाण्यात धडकलो. आत शस्त्रपूजा मांडली होती. बंदुकांच्या मधोमध आमचा सुरा, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचे फूल.

"जप्त मुद्देमालाची पूजा कोणत्या कलमाखाली करता?" मी कडाडलो.

हवालदार ओशाळले. "एवढं देखणं हत्यार ठाण्यात दुसरं नाही, साहेब. राहवलं नाही."

चाचा पोट धरून हसत होते. "वकीलसाब, जरा गप बसा," ते म्हणाले. मी वकील नव्हतो. मला चिडवायचे असले की ते असे म्हणत. "माझ्या अब्बांच्या सुऱ्यालाही कुणी फूल वाहिलं नव्हतं. तुम्ही भांडून ते उतरवाल."

फौजदारांनी माझी पत्रे वाचली, फूल बाजूला सारून पट्टीने पाते मोजले आणि सुरा परत करायचे मान्य केले. पण दुसऱ्या दिवशी. पूजेतले हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. असा नियम कोणत्याही कायद्यात नाही, हे मी त्यांना ठणकावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निमूट हजर झालो.

दसरा होता. हवालदारांनी सुऱ्यासोबत आपट्याचे पान हातावर ठेवले. "सोनं घ्या, साहेब." मी पान घेतले, त्यांनाही दिले, आणि मग पोचपावतीत 'सुरा एक, हळदकुंकवासह' असे लिहून घेतले. वस्तू ज्या स्थितीत मिळाली, त्या स्थितीची नोंद झालीच पाहिजे.

ती हळद चाचांनी मला पुसू दिली नाही. चंद्रकोरीच्या खाचेत ती अजून पिवळी आहे.