ज्याची त्याची चावी

दारावर टकटक झाली की ताई मान वर न करता विचारायच्या, "कोण?" बाहेरचा माणूस नेहमीप्रमाणे म्हणायचा, "मी." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "मी तर मीपण आहे. नाव सांगा." दार काचेचं होतं. बाहेर कोण उभं आहे ते त्यांना स्वच्छ दिसत असे. तरी नाव ऐकल्याशिवाय त्या कडी काढत नसत. चहा आणणाऱ्या मावशी तर वैतागून जायच्या. "आवं, च्या गार व्हतोय हितं! नाव सांगत बसू का?" असं ओरडून मग हसत हसत नाव सांगायच्या.

बसून ज्यांना विचारच करता येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई त्यांतल्या. राहायला लोणावळ्याजवळ वलवणला, नोकरी तळेगावला. सकाळच्या लोकलमध्ये जागा रिकामी असली तरी त्या दाराजवळच्या खांबाला धरून उभ्या असायच्या. ऑफिसात खिडकीपासून मागच्या खोलीपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत. हातात बडीशेपेची डबी, आणि तिच्या झाकणाची सतत उघडमीट. मी कोपऱ्यात बसून आमच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायचो. फेरी माझ्या टेबलापाशी आली की त्या क्षणभर थांबत. "काय लेखक, कुठवर आलं पुस्तक?" उत्तराची वाट न पाहता पुढं निघूनही जात.

आमची कंपनी लहान होती. मावळात गुलाबांची प्लास्टिकनं झाकलेली पॉलिहाउसं किती झालीत ते तुम्हाला ठाऊक आहेच. आत उकाडा वाढला की पंखे आणि पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर आपोआप सुरू करायचे, हे आमचं काम. प्रत्येक शेताचा प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवलेला असे, एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. असे सगळे कंटेनर मागच्या खोलीतल्या तीन यंत्रांवर मिळून चालत. त्या तिघांना आम्ही क्लस्टर म्हणायचो. त्याला हुकूम द्यायचं दार एकच, त्याचा एपीआय. आणि त्या दाराची चावीही एकच होती. एक छोटीशी फाइल, जी आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडून घेऊन आपापल्या लॅपटॉपवर ठेवलेली. आत कुणीही गेलं तरी नोंद व्हायची ती 'अ‍ॅडमिन' या एकाच नावानं.

एका उन्हाळ्यात पवनेकडच्या एका शेतकरी आबांचा फोन आला. ताई फोन कानाला लावून चालत होत्या. आबांचा आवाज असा खणखणीत, की आम्हालाही ऐकू येत होता.

"ताई, फॉगर बंद हाय सकाळधरनं. फुलांनी माना टाकल्यात पार. कुणी बंद केलं?"

"बघते आबा. लगेच चालू करते."

"चालू तर करशीलच गं. कुणी बंद केलं ते इचारतोय मी."

ताईंनी नोंद पाहिली. अ‍ॅडमिन. "सांगता येत नाही, आबा."

"तुमच्याच घरात कोन शिरलं, ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

आबा रागावले नव्हते, त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. ते जास्त लागलं. आमच्यापैकी कुणीतरी चुकीच्या शेताचा प्रोग्राम थांबवला होता. कुणी, ते आजही कळलेलं नाही. ज्यानं केलं त्यालाही कदाचित नसेल कळलं.

त्या दिवसापासून ताईंनी ध्यास घेतला. ज्यानं त्यानं आपल्या नावानं आत जायचं. आधी ऑफिसच्या लॉगिनवर स्वतःची ओळख पटवायची. तिथून आपल्या नावाची एक चिठ्ठी मिळणार, टोकन म्हणतात तिला. ती पाच मिनिटं चालणार, मग आपोआप नवी. क्लस्टर चिठ्ठी तपासणार आणि ज्याचं जेवढं काम, तेवढंच दार उघडणार. साहेब म्हणाले, "चाललंय ना सगळं? मग कशाला हात लावता?" ताई म्हणाल्या, "चाललंय हो. पण कोण चालवतंय?"

काम अर्ध्यावर असताना त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन ठरलं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते, दुपारची गाडी रद्द झाली असं सांगावं तसं. पुढचं वाक्य मात्र थांबून म्हणाल्या, "मी जायच्या आधी हे झालं पाहिजे. ती जुनी फाइल मागं ठेवून मला जायचं नाही." साहेबांनी रजा देऊ केली. "घरी काय करू? आई घडोघडी विचारते, दुखतंय का गं लय? त्यापेक्षा इथं बरी."

सगळं जोडून झालं आणि दार उघडेना. प्रत्येकाची चिठ्ठी नामंजूर. ताईंनी नावं तपासली, पत्ते तपासले, सह्या तपासल्या. सगळं बरोबर. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, ताई वाळत चालल्या होत्या आणि फेऱ्यांचा वेग वाढत होता. माझंही लिहिण्यात लक्ष लागेना. एकच परिच्छेद मी पुन्हा पुन्हा पुसायचो.

एका संध्याकाळी मी भिंतीवरचं घड्याळ पाहून पिशवी आवरायला लागलो. ताई चालता चालता म्हणाल्या, "बसा हो लेखक. गाडीला वेळ आहे. दहा मिनिटं पुढं आहे ते."

आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

लोणावळ्याकडे जाणाऱ्यांची लोकल चुकू नये म्हणून ते घड्याळ त्यांनीच कधीकाळी पुढं केलं होतं. आमच्या सवयीचंच झालं होतं ते. मागच्या खोलीतल्या यंत्रांचे शेतं सोडून बाहेरचे बाकी रस्ते सुरक्षेसाठी बंद होते, म्हणून त्यांना इंटरनेटवरून वेळ मिळत नसे, ती हातानं लावावी लागे. ती ताईंनी लावली होती, समोरच्या भिंतीकडे पाहून. लॉगिन दुसऱ्या यंत्रावर होतं, त्याची वेळ मात्र बरोबर होती. म्हणजे पाच मिनिटांची चिठ्ठी दहा मिनिटं पुढं असलेल्या दारात पोचायची, ती मुदत संपूनच.

ताई इतक्या हसल्या, की पोट दाबून खुर्चीला टेकल्या. "अहो, आपल्याला गाडी मिळावी म्हणून यंत्रांनापण पळवलं मी!" हसता हसता चेहरा वेदनेनं आक्रसला, तरी हसणं थांबेना. वेळ नीट केली. पहिलं नाव माझं घेतलं. दार उघडलं. "गेले, लेखक आत गेले!" त्या अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या प्रत्येकाच्या टेबलाशी गेल्या आणि ती जुनी फाइल आपल्या डोळ्यांसमोर पुसायला लावली. नंतर क्लस्टरही ती चावी ओळखणार नाही असं केलं. त्यांच्यामागं नावं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं. दुपारी त्या माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसल्या.

"आता माझी चावी बंद करा."

"तुमची कशाला? माझी करून बघू."

"तुम्ही इथंच असणार. जाणाऱ्याची बंद होते का, ते बघायचंय. करा."

मी त्यांचं लॉगिन बंद केलं. पण हातातल्या चिठ्ठीची मुदत अजून शिल्लक होती. त्यांनी दार ठोठावलं. क्लस्टरनं आत घेतलं. थोडं थांबून पुन्हा. पुन्हा घेतलं. मला उठून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं. आणखी एकदा. घेतलं. आणि मग पडद्यावर नकार उमटला.

त्यांनी लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. "बघा! नाही घेतलं मला!" चेहरा असा उजळलेला, जणू बक्षीस मिळालंय. आम्ही टाळ्या वाजवल्या. काय करणार?

"परत चालू करू ना?" मी विचारलं.

"असू दे. आले की करा." त्यांनी पिशवी उचलली.

ऑपरेशन झालं. ताई घरी आल्या नाहीत.

तेव्हापासून माझं वाचन सुटल्यासारखं झालंय. पुस्तक उघडतो, दोन पानं होतात, उठतो, पाणी पितो, पुन्हा तेच पान. ऑफिसात कामं मात्र बिनबोभाट चालू आहेत. पवनेकडे ऊन चढलं की फॉगर सुरू होतात. कुणी काय केलं ते नावानिशी दिसतं. ताईंच्या नसण्यानं कुठंही काहीही अडलेलं नाही, आणि हेच मला सहन होत नाही.

परवा साहेब माझ्या टेबलाशी येऊन जरा घुटमळले. हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटतंय, पण ताईंचं लॉगिन आता बंद करायला हवं. करून टाकाल?"

"बंदच आहे ते."

"हो? केव्हा केलंत?"

"त्या शेजारी बसल्या होत्या," मी म्हणालो, "तेव्हा."